सर्टिफिकेट संपलं असेल तर निदान साल तरी छापा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सातपूरला एका छोट्या क्लासमध्ये नेटवर्किंग शिकवते, ११ वर्षं झाली आता. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लिहू का नको करत पंधरा दिवस गेले, पण पुस्तकांच्या कव्हरवर मुदत संपलेली सर्टिफिकेटं सालाशिवाय छापतात, हा विषय असा आहे की आमच्या क्षेत्रातले लोक त्यावर आपसात चहा पिताना बोलतात आणि तिथंच सोडून देतात, आणि नुकसान मात्र पोरांचं होतं, म्हणून लिहितेय.

माझ्याकडे दिंडोरीकडचा एक मुलगा येतो. सकाळच्या एसटीने सीबीएसला उतरतो, तिथून सिटी बसने सातपूर, संध्याकाळी परत तसंच. घरी द्राक्षबाग आहे, पण दोन वर्षं पावसाने हाल केले, म्हणून वडील म्हणाले की तू काहीतरी नोकरीचं बघ. त्याने माझ्याकडे यायच्या आधी शालिमारच्या बाजूला एका दुकानातून सीसीएनएचं, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेचं, मराठी पुस्तक घेतलं होतं, ४५० रुपयांचं. इंग्रजी वाचायला त्याला जड जातं, मराठीत पुस्तक मिळालं म्हणून खूष होता. क्लासला आला तो त्याची वही घेऊनच आला, मॅडम बघा ना मी किती अभ्यास केलाय. वही उघडली तर काय, चाळीस पानं फ्रेम रिले, म्हणजे लांबची नेटवर्क जोडायची जुनी पद्धत! डीएलसीआय (त्यातल्या जोडणीचा नंबर) म्हणजे काय ते लाल पेनने चौकट करून लिहिलेलं, खाली पट्टीने आखलेली डायग्राम, ढगाचा आकार काढून त्यातून जाणाऱ्या रेषा, प्रत्येक रेषेवर नंबर. त्याच्यापुढे ईआयजीआरपीचं, म्हणजे राउटरने डेटाचा रस्ता ठरवायच्या (राउटिंगच्या) एका पद्धतीचं, कॉन्फिगरेशन, तेही स्वच्छ अक्षरात. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. कारण यातलं काहीच आता परीक्षेत नाही. सीसीएनएची आत्ताची परीक्षा २००-३०१ नंबरची, ती २४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि फ्रेम रिले तर तिच्याही आधीच्या परीक्षेतून गेलं होतं. आता राउटिंगमध्ये कॉन्फिगर करायला ओएसपीएफ ही दुसरी पद्धत, शिवाय वायरलेस, ऑटोमेशन, जेसॉन (डेटा लिहायची एक पद्धत), रेस्ट एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची पद्धत) असं सगळं आहे, आणि त्याच्या पुस्तकात जेसॉन हा शब्दच नाही.

मी विचारलं, अरे हे पुस्तक का घेतलंस? तो म्हणाला, मॅडम मागे लिहिलंय ना, लेखक स्वतः सीसीएनए आहेत, आणि आवृत्ती २०२३ आहे.

मागचं कव्हर बघितलं. लेखकाच्या नावापुढे तीन सर्टिफिकेटं एका ओळीत. एमसीएसई, सीसीएनए, आरएचसीई, म्हणजे एक मायक्रोसॉफ्टचं, एक सिस्कोचं, एक रेड हॅटचं. साल कुठेच नाही.

आता हे लेखक कोण ते मला माहितीये, नाव लिहिणार नाही कारण माणूस वाईट नाही. उलट मी शिकत होते तेव्हा त्यांच्याच नोट्सच्या झेरॉक्स काढून शिकलेय. मराठीतून सबनेटिंग समजावून सांगणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच. म्हणून मी त्यांना फोन केला, जरा भीतभीतच. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. एमसीएसई २००५ ची, सीसीएनए २००९ ची, आरएचसीई २०११ ची. मग मी म्हणलं सर, सीसीएनए तर तीन वर्षांची असते ना, म्हणजे २०१२ लाच संपली. त्यावर ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "अहो ताई, पास झालो होतो ते खोटं आहे का? ज्ञान काय एक्सपायर होतं का दुधाच्या पिशवीसारखं?"

हा प्रश्न मी त्यांच्याशी फोनवर नीट बोलू शकले नाही, फोन ठेवल्यावर दोन दिवस डोक्यात होता. म्हणून आता इथे सविस्तर लिहिते.

सर म्हणतात त्यात खरेपणा आहे. परीक्षा पास झाले ही घडलेली गोष्ट आहे, ती कोणी पुसू शकत नाही. बीएस्सीची डिग्री कोणी परत मागत नाही. पण सर्टिफिकेट ही डिग्री नाही, ते लायसनसारखं आहे, देणाऱ्याने देतानाच त्यावर तारीख टाकलेली असते आणि आपण फी भरतो तेव्हा ती अट मान्य करूनच भरतो. माझं लायसन मागच्या वर्षी संपलं असेल तर मी गाडी चालवायला विसरले असं कोणीच म्हणणार नाही, पण द्वारका चौकात पोलिसाने थांबवलं तर "माझ्याकडे लायसन आहे" असं मी म्हणू शकत नाही, "होतं" असं म्हणावं लागेल. एवढाच फरक आहे, आहे आणि होतं यातला, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दाचंच आहे.

आणि ज्ञान एक्सपायर होत नाही हे पण पूर्ण खरं नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी सीसीएनए २०१४ च्या नोव्हेंबरला पास झाले. तेव्हा परीक्षा २००-१२० होती, आम्हाला फ्रेम रिले होतं, मीही अशाच डायग्रामा काढल्या होत्या. २०१७ ला रिन्यू करायची वेळ आली तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती, राहून गेलं. आमच्या तेव्हाच्या क्लासच्या बाहेर जो बोर्ड होता त्यावर माझ्या नावापुढे सीसीएनए तसंच राहिलं, जवळजवळ पाच वर्षं. मी रोज त्या बोर्डखालून आत जायचे. मालकांना सांगावं असं दोनतीनदा मनात आलं, पण आज सांगू उद्या सांगू करत सांगितलं नाही, कारण मलाही वाटायचं की मी तर रोज हेच शिकवते, मला येतंच ना. मग २०२२ ला एका मुलीने विचारलं की मॅडम तुमचा बॅज क्रेडलीवर (सर्टिफिकेटं ऑनलाइन दाखवायच्या साइटवर) दिसत नाही, लिंक द्या ना. तिच्या मनात काही नव्हतं, तिला लिंक्डइनसाठी नमुना बघायचा होता फक्त. मी त्या रात्री ठरवलं की परत परीक्षा द्यायची.

दिली, आणि पहिल्या वेळेला नापास झाले. रिझल्टच्या कागदावर सेक्शनप्रमाणे टक्के येतात. आयपी कनेक्टिव्हिटीत चांगले होते, ते मी रोज शिकवतेच, पण ऑटोमेशन अँड प्रोग्रॅमेबिलिटीचा आकडा बघून मी कागद पर्समध्ये घडी करून ठेवला आणि घरी येईपर्यंत परत उघडला नाही. म्हणजे पाच वर्षं ज्या बोर्डखालून मी जात होते त्यावर लिहिलेली परीक्षा मला तेव्हा पास होता येत नव्हती. दोन महिने अभ्यास करून दुसऱ्यांदा दिली तेव्हा पास झाले. म्हणून कोणी मला म्हणलं की तारीख ही फक्त कंपनीची पैसे काढायची युक्ती आहे तर मी अर्धं मान्य करेन, फी खरंच जास्त आहे, ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे २५ हजारांच्या पुढेच जातं. पण उरलेलं अर्धं नाही मान्य करणार.

आता सरांच्या तीन सर्टिफिकेटांकडे परत येते कारण प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे आणि बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. एमसीएसई ही चार अक्षरं आधी सिस्टिम्स इंजिनिअरसाठी होती, नंतर २०१२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने त्याच चार अक्षरांचं सोल्युशन्स एक्स्पर्ट केलं, आणि ३१ जानेवारी २०२१ ला ते सगळंच बंद झालं. म्हणजे सरांची २००५ ची एमसीएसई त्यांनी रिन्यू केली नाही म्हणून संपली असं नाही म्हणता येणार, त्यात त्यांचा काही दोष नाही, प्रोग्रॅमच राहिला नाही. पण वाचणाऱ्या पोराला काय वाटतं? त्याने मला विचारलं, मॅडम सीसीएनए झालं की एमसीएसई करू का, फी किती असते? जी परीक्षा जगात कुठेच होत नाही तिची फी तो विचारत होता, पुस्तकाच्या कव्हरवर वाचून. आरएचसीईचं तर आणखी वेगळं, ती पण तीन वर्षांचीच, पण नाव तेच राहून आतली परीक्षाच बदलली, रेड हॅटच्या लिनक्सच्या ८ व्या व्हर्जनपासून ती सगळी अँसिबल या ऑटोमेशनच्या टूलवर आहे. २०११ चे आरएचसीई आणि आत्ताचे आरएचसीई यांनी दोन वेगळ्या परीक्षा दिल्यात. तेव्हा साल लिहिल्याशिवाय त्या अक्षरांना अर्थच राहत नाही हो, ती अक्षरं नुसती वजन वाढवायला उरतात.

काही सर्टिफिकेटं अशीही आहेत जी खरंच आयुष्यभराची आहेत, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लिहिते. कॉम्पटिया या संस्थेची ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस ज्यांनी १ जानेवारी २०११ च्या आधी केली त्यांची कायमची आहेत, त्यानंतर केलेल्यांची तीन वर्षांची. म्हणजे एकाच नावाची दोन सर्टिफिकेटं, एक जिवंत आणि एक संपलेलं, आणि ओळखायचं कशावरून? सालावरूनच. सीसीआयई या सिस्कोच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटाचा नंबर माणसाकडे कायम राहतो पण चालू स्टेटस वेगळं असतं, आणि ज्यांनी खूप वर्षं ते टिकवलं त्यांच्यासाठी सिस्कोनेच एमेरिटस म्हणून मानाची जागा ठेवलीय, निवृत्त प्राध्यापकांना असते तशी. किती चांगली गोष्ट आहे ही, माणसाचा मान पण राहतो आणि वाचणाऱ्याची फसगत पण होत नाही. दुसरीकडे पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट देणारी संस्था तर इतकी कडक आहे की तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे पॉइंट) झाले नाहीत आणि स्टेटस सस्पेंड झालं तर त्या काळात नावापुढे पीएमपी लावूच नका म्हणते.

माझे दीर अंबडला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये सुपरवायझर आहेत, तिथे प्रेशर व्हेसलचं काम चालतं. त्यांना हे सगळं सांगितलं तर त्यांना नवलच वाटलं. म्हणाले वहिनी, आमच्याकडे असं चालतच नाही. त्यांनी मला त्यांचं रजिस्टर दाखवलं, मी मुद्दाम एका रविवारी बघायला गेले होते. प्रत्येक वेल्डरचं नाव, स्टँप नंबर, कुठल्या प्रोसेसला आणि कुठल्या पोझिशनला पास आहे ते, आणि शेवटच्या रकान्यात त्या प्रोसेसने शेवटचं काम कधी केलं ती तारीख. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरिंग संस्थेच्या नियमांतल्या सेक्शन नाइनप्रमाणे एखाद्याने सहा महिने ती प्रोसेस वापरलीच नाही तर त्याचं क्वालिफिकेशन संपतं, परत टेस्ट. त्या रजिस्टरमध्ये एका जुन्या वेल्डरच्या नावापुढे लाल रेघ होती. वीस वर्षांचा अनुभव, टिग वेल्डिंगमध्ये त्याच्यासारखा हात शॉपमध्ये कोणाचा नाही असं दीर स्वतः म्हणाले, पण मणक्याच्या ऑपरेशननंतर सात महिने घरी होता. परत आला तेव्हा त्याला आधी टेस्ट कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा, मारायला दिलं, एक्स-रे झाला, पास झाला, मग जॉबला हात लावू दिला. तो माणूस भांडला नाही. त्याने कूपन मारलं आणि बाजूला उभा राहून एक्स-रेची वाट बघितली.

ते रजिस्टर बघून मला सरांचा प्रश्न परत आठवला. त्या वेल्डरचं ज्ञान सात महिन्यांत कुठे गेलं होतं? कुठेच नाही. पण कागदावर "आहे" लिहायचं तर आज आहे का हे बघूनच लिहायचं, ही तिथली पद्धत आहे, आणि ती पद्धत आपल्या सातपूर अंबडच्या शॉपमधला दहावी झालेला कामगार पाळतो. डॉक्टरांना सुद्धा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, त्यासाठी क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. मग पुस्तक लिहिणाऱ्यांनीच का म्हणावं की आम्हाला हे लागू नाही? उलट पुस्तक तर जास्त दिवस टिकतं. आमच्या सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, तीसतीस वर्षांपूर्वीची कॉम्प्युटरची पुस्तकं अजून कपाटात आहेत.

आता दुसरी बाजू पण मला माहितीये आणि ती मी मनापासून मानते. मराठीत तांत्रिक पुस्तक लिहून कोणाचं घर चालत नाही. पाचशे ते हजार प्रतींची आवृत्ती, ती संपायला तीन चार वर्षं, रॉयल्टी मिळाली तर मिळाली. त्या माणसाला आपण सांगायचं का की दर तीन वर्षांनी एकट्या सीसीएनएचे २५ हजार भर आणि बाकीच्यांचे वेगळे घाल? मुळीच नाही. असं केलं तर मराठीत कोणी लिहिणारच नाही आणि दिंडोरीच्या पोराला तेही पुस्तक मिळणार नाही. माझी तेवढी मागणी नाहीच. रिन्यू करा असं मी म्हणतच नाहीये. ज्याला परवडेल तो करेल, नाही परवडलं तर नका करू, त्यात कमीपणा नाही. फक्त साल लिहा. "सीसीएनए (२००९ ते २०१२)" एवढं छापायला जागा किती लागते? "१५ वर्षं नेटवर्किंगचा अनुभव, २००९ साली सीसीएनए उत्तीर्ण" असं लिहिलं तर मला तर तो माणूस आणखी मोठा वाटतो, कारण जे आहे ते सांगतोय. आणि पुस्तक कुठल्या परीक्षेच्या कुठल्या व्हर्जनवर बेतलंय तो नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाका, हे तर कोणाच्याच मानपानाचं नाही, शुद्ध उपयोगाचं आहे. त्या एका नंबराने माझ्या विद्यार्थ्याची चाळीस पानं वाचली असती.

आणि यात सगळा दोष लेखकांवर ढकलू नये असं मला वाटतं. कव्हरचा मजकूर बऱ्याचदा प्रकाशक करतात, लेखकाने वीस वर्षांपूर्वी दिलेला परिचय तसाच पुढच्या पुस्तकाला चिकटतो. आवृत्ती २०२३ म्हणून छापतात पण आत फक्त कागद नवा असतो, मजकूर तोच. याला पुनर्मुद्रण म्हणावं, आवृत्ती म्हणू नये. कोचिंग क्लासेसच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम काढले, त्यात शिकवणाऱ्यांच्या पात्रतेबद्दल खोटे दावे करायचे नाहीत असं स्पष्ट आहे, आम्ही क्लासवाल्यांनी ते वाचून आमच्या पत्रकांमध्ये बदल केले. ते नियम कोचिंगपुरते आहेत, पुस्तकांच्या कव्हरसाठी नाहीत, पण प्रकाशकांनी कायद्याची वाट कशाला बघायची.

सरांशी मी आठ दिवसांनी परत बोलले. या वेळी त्यांनीच फोन केला. म्हणाले, ताई, तुमच्या त्या मुलाची वही मला बघायचीय. मी फोटो पाठवले, ती लाल चौकट पण. बराच वेळ उत्तर आलं नाही, मग रात्री दहाला मेसेज आला की त्या मुलाला माझ्याकडे घेऊन या, ओएसपीएफ मी शिकवतो, फी नको. तो आता दर रविवारी त्यांच्याकडे जातो. कव्हरबद्दल त्यांनी प्रकाशकांना शिल्लक प्रतींवर चिकटवायला चिठ्ठी करून पाठवलीय, तिन्ही सर्टिफिकेटांपुढे सालं घालून आणि खाली "हे पुस्तक सीसीएनएच्या जुन्या अभ्यासक्रमावर आधारित आहे" अशी ओळ. प्रकाशक म्हणतात पुढच्या वेळी बघू. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहायला घेतलं.

तुमच्या पेपरला दर आठवड्याला करिअरची पुरवणी येते, ती माझे विद्यार्थी कापून ठेवतात. त्यात लेखाखाली लेखकाचा जो परिचय असतो त्यात बऱ्याचदा अशी अक्षरं असतात, सालाशिवाय. तुम्ही पुढच्या अंकापासून लेखकाला एवढंच विचारा की हे कधी मिळालं आणि आज चालू आहे का, आणि ते जे सांगतील ते छापा. चालू नसेल तरी छापा, सालासकट. तुम्ही सुरू केलंत तर प्रकाशकही करतील, कारण तुमच्याकडे परिचय द्यायचा म्हणलं की त्यांना सालं शोधावीच लागतील.

पत्र छापलंत तर माझं नाव देऊ नका, नाहीतर क्लासवरून लोक सरांपर्यंत पोचतील आणि ते मला नकोय.

कळावे,
आपली,
नेटवर्किंग शिकवणारी एक शिक्षिका
सीसीएनए (२०१४ ते २०१७, परत २०२२ पासून, सध्या २०२८ पर्यंत वैध)
सातपूर, नाशिक